साळुंकीपेक्षा मोठा की लहान?

मित्रमैत्रिणींनो, आधी एक छोटीशी परीक्षा. डोळे मिटा आणि सांगा, तुमच्या घराच्या खिडकीत सकाळी कोणाकोणाचे आवाज येतात? कावळा तर नक्की. पारव्यांचं घुमणं. नशीब चांगलं असेल तर चिमण्यांची चिवचिव. आंब्याला मोहोर आला की कोकीळ. आणि वळचणीला भांडणाऱ्या साळुंक्या. आता सांगा, हे आवाज ओळखायला तुम्हांला कोणी शिकवलं? आठवत नाही ना? आईची हाक ओळखायला कोणी शिकवतं का? हेही तसंच.

आता समजा, एके दिवशी सकाळी जाग आली आणि यातला एकही आवाज आला नाही, तर?

आमच्या घरी अगदी असंच झालं. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही वाईहून थेट ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरात राहायला गेलो. सिडनीच्या पश्चिमेला परामाटा नावाचा भाग आहे, त्याच्या जवळ आमचं भाड्याचं घर. आमची लेक तेव्हा दहा वर्षांची. वाईला भर पावसाळा सोडून आलो, तर इथे कडाक्याचा हिवाळा. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे तिनं भूगोलात पाठ केलं होतं. पण पाठ करणं वेगळं आणि जुलैत स्वेटर घालून शाळेत जाणं वेगळं! त्यात शाळेचं वर्ष निम्मं संपलेलं. मुलांचं भरभर इंग्रजी हिच्या डोक्यावरून जायचं. घरी आली की दप्तर टाकायची आणि म्हणायची, "इथं आपलं काहीच नाही गं, आई."

ही गोष्ट आहे ती तिच्या एका शंभर पानी वहीची.

पहाटे कोण हसलं?

पोहोचल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, फटफटायच्या आत, खिडकीबाहेर कुणीतरी हसायला लागलं. एकटादुकटा नाही, अख्खं टोळकं! आधी हळू, मग मोठ्यानं, मग अगदी पोट धरून. लेक घाबरून आमच्या खोलीत आली. "चोर हसत नसतात," असं बाबांनी सांगितलं, तरी त्यांनीही पडदा हळूच सरकवला.

तारेवर चार पक्षी बसले होते. जाड मान, भलंमोठं डोकं आणि त्याहून भली चोच. लेक बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अगं आई, हा तर खंड्या! पण केवढा!"

तिचं अगदी बरोबर होतं. त्याचं नाव कुकाबुरा. तो खंड्याच्याच कुळातला. आपल्याकडचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या साधारण २८ सेंटिमीटर लांब असतो. कुकाबुरा जवळजवळ ४५ सेंटिमीटर! मासे पकडण्यात याला फारसा रस नाही. किडे, सरडे, उंदीर आणि हो, साप. साप चोचीत धरून फांदीवर आपटून आपटून मारतो. आणि त्याचं हसणं हे मुळी हसणं नाहीच. पहाटे आणि संध्याकाळी कुकाबुऱ्याचं सगळं कुटुंब एका सुरात शेजाऱ्यांना बजावत असतं, की ही जागा आमची आहे, इकडे फिरकू नका. मोठी झालेली पोरं लगेच घर सोडत नाहीत, धाकट्या भावंडांना भरवायला मदत करतात. एकत्र कुटुंब म्हणा ना!

'कुकाबुरा' हे नाव इंग्रजांनी ठेवलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी विराजुरी लोकांच्या भाषेतून ते आलं. मोठ्यानं म्हणून बघा, नावातच त्याचा आवाज आहे.

त्या दिवशी लेकीनं वही काढली. पहिल्या पानावर रकाने आखले: नाव, कुठे दिसला, काय करत होता. पहिल्या रकान्याच्याही आधी एक प्रश्न लिहिला: साळुंकीपेक्षा मोठा की लहान?

हा प्रश्न तिचा स्वतःचा नव्हता बरं का. डॉ. सालिम अली यांचं भारतीय पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक १९४१ साली पहिल्यांदा निघालं. त्यात प्रत्येक पक्ष्याचा आकार आपल्या ओळखीच्या पक्ष्याशी ताडून सांगितला आहे. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा. पक्षी काही हातात पट्टी घेऊन मोजता येत नाही. पण साळुंकी सगळ्यांनी पाहिलेली असते. वाईला आजीनं नातीला हीच युक्ती शिकवली होती.

उसनी नावं

चार दिवसांनी मैदानावर एक काळा-पांढरा पक्षी दिसला. "दयाळ!" लेक ओरडली. मग थबकली. "पण साळुंकीपेक्षा कितीतरी मोठा. कावळ्याएवढा." गळा मात्र असा गोड, की कोणीतरी दूर बासरी वाजवतंय असं वाटावं.

तो दयाळ नव्हता. इंग्रज लोक १७८८ साली इथे वस्ती करायला आले. त्यांनी हा पक्षी पाहिला आणि त्यांना मायदेशातला काळा-पांढरा 'मॅगपाय' आठवला. झालं, यालाही तेच नाव! वास्तविक इंग्लंडचा मॅगपाय कावळ्याच्या कुळातला, हा भलत्याच कुळातला. गंमत म्हणजे आपल्या दयाळालाही इंग्रजीत 'मॅगपाय रॉबिन' म्हणतात. तो ना मॅगपाय, ना इंग्लंडचा रॉबिन. घर सोडून लांब गेलेल्या माणसाला प्रत्येक नव्या चेहऱ्यात जुनाच चेहरा दिसतो. आमच्या लेकीला दयाळ दिसला, त्यांना मॅगपाय.

याहून मजेदार गोष्ट 'विली वॅगटेल'ची. हा एक काळा-पांढरा, चुळबुळ्या पक्षी. एक क्षण शांत बसेल तर शपथ! शेपटी सारखी इकडून तिकडे. वॅगटेल म्हणजे आपला धोबी पक्षी, नदीकाठी शेपटी वरखाली करत चालणारा. पण लेकीनं विली वॅगटेल नीट पाहिला. शेपटी पंख्यासारखी पसरतोय, गिरकी घेतोय, उडता किडा टिपतोय. ती म्हणाली, "हा धोबी नाही. हा नाचण आहे."

पुस्तकात पाहिलं. काय आश्चर्य! विली वॅगटेल हा धोब्याचा नव्हे, आपल्या नाचणाचा भाऊबंद निघाला. एवढे मोठे दर्यावर्दी इंग्रज, पण तिथे वाईच्या मुलीनं त्यांना मागे टाकलं. कारण एकच, तिनं नाचण आधी पाहिला होता आणि आता नुसता रंग न बघता तो करतो काय, हे पाहिलं.

त्या दिवशी ती पहिल्यांदा शाळेतलं काहीतरी सांगत घरी आली. वर्गात बाईंना तिनं हे सांगितलं होतं. इंग्रजी अडखळलं, तेव्हा तिनं हातांचा पंखा करून नाचून दाखवलं. वर्ग हसला, पण बरं का, चिडवून नाही.

डोक्यावर झडप

ऑगस्ट संपत आला आणि हवा उबदार झाली. एके दिवशी लेक शाळेतून रडत आली. टोपी हातात, केस विस्कटलेले. बासरी वाजवणाऱ्या त्याच मॅगपायनं मागून येऊन तिच्या डोक्यावर झडप घातली होती. "मी त्याला काही केलं नव्हतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "इथले पक्षीसुद्धा आपल्याला हाकलतात."

शेजारी एक आजोबा एकटे राहत. कुंपणापलीकडून त्यांनी हे ऐकलं. भाषा कळली नाही, पण टोपी पाहून सगळं कळलं. हसून त्यांनी आपल्या डोक्यावरची जुनी खूण दाखवली. आम्ही इथे जन्मलो तरी आम्हांलाही सोडत नाही तो, म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. वसंतात मॅगपायच्या घरट्यात पिल्लं असतात. नर राखण करतो. साधारण सहा आठवडे त्याचं डोकं फिरलेलं असतं. सगळेच नर असे नसतात, हल्ला करणारे थोडेच. पण जो करतो, तो ठरावीक माणसांवर डूख धरतो. सायकलवाले आणि पोस्टमन त्याचे खास शत्रू! सायकलवाले हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या लावतात, अगदी साळिंदर दिसतात. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतो आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. म्हणून त्याला दगड मारायचा नाही. एक तर कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि दुसरं म्हणजे तो विसरत नाही! पळायचं नाही, टोपी घालायची, त्याच्याकडे बघत शांतपणे जायचं. सगळ्यांत सोपं म्हणजे त्या सहा आठवड्यांत पलीकडच्या रस्त्यानं जायचं.

लेक पलीकडच्या रस्त्यानं जाऊ लागली. ऑक्टोबरात त्याच मॅगपायची जोडी एका करड्या, भुकेल्या पिल्लाला घेऊन आमच्या हिरवळीवर आली. पिल्लू चोच वासून एकसारखं ओरडत होतं. नर लेकीपासून दहा पावलांवर उभा. तिनं टोपी घट्ट धरली. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग किडे वेचू लागला. वहीत नोंद झाली: "आज ओळख दिली."

अखेर साळुंकी

आता मुख्य गोष्ट. पण त्याआधी एक फसवणूक.

लेक रोज साळुंकी शोधत होती. एकदा पिवळी चोच आणि डोळ्यामागे पिवळा डाग असलेला पक्षी पाहून ती नाचायलाच लागली. पण अंग करडं! तो होता 'नॉइझी मायनर', इथला मूळचा मधपिता पक्षी. लहान पक्ष्यांना टोळी करून हाकलून देणारा, भलताच दांडगट. पाहा हं, 'इथला' असला म्हणजे 'गुणी' असतोच असं नाही!

आणि मग सप्टेंबरात, बाजाराच्या आवारात, गाड्यांच्या मध्ये ती दिसली. चॉकलेटी अंग, काळं डोकं, पिवळे पाय, उडताना पंखांत पांढरा पट्टा. तीच ऐटबाज चाल. साळुंकी! शंभर टक्के आपली साळुंकी! लेकीनं त्या दिवशी आजीला फोन लावायला लावला. "आजी, साळुंकी आहे इथं!" आजी म्हणाली, "असणारच. मी सांगितलं होतं तिला, पोरीवर लक्ष ठेव म्हणून."

दुसऱ्या दिवशी दोन साळुंक्या आमच्या अंगणात आल्या. लेक त्यांना पोळीचे तुकडे टाकू लागली. कुंपणापलीकडून आजोबांचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच चढलेला. "नको! त्यांना खायला घालू नकोस. इंडियन मायना आहेत त्या. हाकलून दे!"

मित्रांनो, इथे साळुंकीला 'इंडियन मायना' म्हणतात. मायना म्हणजे आपली मैनाच. पण लेकीनं त्यातला एकच शब्द ऐकला. रात्री पांघरुणातून तिनं विचारलं, "आई, आपण पण इंडियन ना? मग त्यांना आपणही नकोय का?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. नुसतं "झोप गं" म्हणून चालणार नव्हतं. शनिवारी आम्ही तिघंही वाचनालयात गेलो.

आठवणीपायी

वाचनालयात जे कळलं ते मी तुम्हांला थोडक्यात सांगते.

साळुंकी स्वतःहून समुद्र ओलांडून आली नाही. १८६०च्या दशकात तिला मेलबर्नला आणून सोडलं, बागायतीतले किडे खाईल म्हणून. १८८३ साली उत्तरेकडच्या क्वीन्सलँडमध्ये उसाच्या शेतांसाठी सोडलं. किडे काही संपले नाहीत, साळुंक्या मात्र वाढल्या. त्याच काळात मेलबर्नमध्ये लांबलांबचे प्राणी-पक्षी आणून सोडण्यासाठी लोकांनी एक संस्थाच काढली होती. इंग्लंडचे गाणारे पक्षी त्यांनी पिंजऱ्यांतून, महिनोन्‌महिने जहाजातून आणले. कशासाठी? तर कानांवर घरचं गाणं पडावं म्हणून! चिमणीसुद्धा इथे अशीच आली. घरच्या आठवणीनं व्याकूळ झालेली माणसं होती ती. "माझ्यासारखी," लेक म्हणाली.

पण त्या आठवणीची किंमत इथल्या पक्ष्यांनी मोजली. इथले कितीतरी पोपट आणि काकाकुवे झाडाच्या ढोलीतच घरटं करतात. निलगिरीच्या झाडाला मोठी ढोली पडायला शंभर वर्षंही लागतात. (निलगिरी मूळची इथलीच, आपल्याकडे ती इथून आली.) अशा जुन्या झाडाची ढोली साळुंकी बळकावते, काटक्या, गवत, प्लॅस्टिक कोंबून बुजवते आणि पोपटांना शिरू देत नाही. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेनं २००० साली, परक्या प्रदेशात जाऊन उपद्रव करणाऱ्या १०० जीवांची यादी केली. त्यात पक्षी फक्त तीन. एक साळुंकी, एक युरोपातली मैना आणि तिसरा आपला लालबुड्या बुलबुल! तिघांतले दोन आपल्या अंगणातले.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण चूक साळुंकीची नाही. तिला आणलं."

"आणि पोपटाची?"

"त्याची तर नाहीच."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही एकदम मनात ठेवणं मोठ्या माणसांनाही जड जातं. तिनं पोळीचे तुकडे टाकणं बंद केलं. पण साळुंकीवर तिनं दगडही उचलला नाही.

आजोबांनाही काहीतरी खटकलं असावं. दोन दिवसांनी ते लेकीला कोपऱ्यावरच्या जुन्या निलगिरीकडे घेऊन गेले. त्यांची बायको होती तेव्हा त्या ढोलीत रोझेला पोपटांची जोडी दरवर्षी यायची. लाल डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट. दोघं चहा घेत ते बघत बसायचे. आता ढोलीतून गवत आणि चॉकलेटचे चांदीचे कागद बाहेर लोंबत होते. "रागावलो ते यासाठी," आजोबा म्हणाले. "तुझ्यावर नाही. आणि तसं म्हणशील तर माझेही आजोबा जहाजातूनच आले होते, स्कॉटलंडहून."

पक्षी आणि माणूस यांत हाच फरक, नाही का? साळुंकीला विचार करून ढोली सोडता येत नाही. माणसाला नव्या गावात कसं राहायचं, हे ठरवता येतं.

पहाटे चार वाजताचा पाहुणा

सप्टेंबर संपता संपता आणखी एक नवल घडलं. पहाटे चार वाजता लेक पळत आली. "आई, ऐक!"

कु-ऊ! कु-ऊ! कु-ऊ! दर वेळी सूर वर वर चढतोय. मी डोळे मिटले आणि क्षणभर वाईच्या वाड्यातच होते.

हो, कोकीळच! अगदी आपलाच नव्हे, पण जवळचा भाऊबंद. पूर्वी शास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीचे मानत, आता वेगळे मानतात. तोच काळा कुळकुळीत रंग, तेच लाल डोळे. गाणारा नर, मादी ठिपक्यांची. तुम्हीही 'कोकिळा गाते' असंच म्हणता ना? इथेही, तिथेही गातो तो कोकीळ! आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. सिडनीची कोकिळा बहुतेक वेळा वॉटलबर्ड नावाच्या मधपित्या पक्ष्याला फसवते. आणि याला कोणी पिंजऱ्यातून आणलेलं नाही. दरवर्षी वसंतात तो न्यू गिनी, इंडोनेशियाकडून समुद्र ओलांडून स्वतः येतो आणि मार्चच्या सुमारास परत जातो. इथे त्याला म्हणतात 'कोएल'. म्हणजे हिंदीतला 'कोयल' हाच शब्द इंग्रजांबरोबर इथवर आला!

सकाळी कुंपणापाशी आजोबा डोळे चोळत उभे. "हा मेला रात्रभर झोपू देत नाही. वादळपक्षी म्हणतो आम्ही याला. हा ओरडला की पाऊस येतो म्हणतात."

लेकीला धक्काच बसला. कोकिळेवर कोणी वैतागतं? तिनं त्यांना सांगितलं, की आमच्याकडे हा गायला लागला की आंबे येतात. यावर गाणी आहेत, कविता आहेत. लता मंगेशकरांना तर गानकोकिळा म्हणतात! आजोबांनी पुन्हा कान दिला. "आंबे म्हणतेस? बरं, आंब्यांसाठी सहन करतो."

त्याच आठवड्यात पितृपंधरवडा होता. आजीनं फोनवर काळजीनं विचारलं, "कावळे आहेत ना गं तिकडं?" आहेत! पण डोमकावळ्यासारखे दांडगे, आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा आणि डोळे चक्क पांढरे. आजी म्हणाली, "चालेल. तुझ्या आजोबांना कसाही कावळा ओळखू येईल."

वीस मिनिटं

ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात देशभर पक्षी मोजतात. बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया ही संस्था २०१४पासून हा उपक्रम भरवते. नियम सोपा. एका जागी वीस मिनिटं थांबायचं, दिसतील, ऐकू येतील ते पक्षी मोजून कळवायचे. लहानमोठे, शास्त्रज्ञ आणि शाळकरी मुलं, सगळ्यांना सारखाच मान. एका माणसाच्या वीस मिनिटांनी काही कळत नाही. पण वर्षानुवर्षं हजारो लोकांच्या नोंदी जमल्या, की कोणता पक्षी कमी होतोय, कोणता कुठे पसरतोय, ते दिसायला लागतं.

अशा साध्या माणसांच्या डोळ्यांनी काय सापडतं, त्याचं एक उदाहरण सांगते. सिडनीतले पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे कचऱ्याच्या डब्याचं जड झाकण उघडायला शिकले. चोचीनं झाकण उचलायचं, कडेकडेनं मागे चालत जायचं, धप्प! शास्त्रज्ञांनी नागरिकांना विचारलं, तुमच्याकडे असं होतं का? २०१८पूर्वी सिडनीतल्या फक्त तीन भागांतून 'हो' आलं होतं. २०१९ संपेपर्यंत ४४ भागांतून! हे पक्षी एकमेकांचं पाहून शिकत होते. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नव्या गावात टिकायचं कसं? काकाकुवा सांगतो, शेजाऱ्याकडे नीट बघा.

मोजणीच्या दिवशी लेक आणि आजोबा अंगणात खुर्च्या टाकून बसले. वेळ बघायला मी. वीस मिनिटांनी वहीत असं होतं: रंगीबेरंगी लोरिकीट पोपट ११, नॉइझी मायनर ५, काकाकुवे ३, मॅगपाय ३ (पिल्लासकट), पांढरा शराटी १, कावळा १, कोकीळ १ (फक्त ऐकला). हो, आपल्या पांढऱ्या शराटीचाही एक चुलतभाऊ इथे आहे, आणि तो शहरात कचराकुंड्या धुंडाळत हिंडतो!

मग दोन साळुंक्या येऊन कुंपणावर बसल्या. लेकीनं आजोबांकडे पाहिलं. "यांना लिहू?"

आजोबा म्हणाले, "लिहायचं. जे दिसतं ते लिहायचं. आवडतं तेवढंच लिहिलं, तर ती मोजणी कसली?"

तिनं लिहिलं: साळुंकी २. आणि खाली आजोबांनी सांगितलं म्हणून: रोझेला ०.

त्या शून्याचं पुढे काय झालं? हिवाळ्यात तिच्या बाबांनी आणि आजोबांनी मिळून लाकडी खोकं बनवलं आणि झाडावर बांधलं. खोक्याच्या तोंडासमोर एक आडवी फळी. साळुंकीला सरळ उडत आत शिरायला आवडतं. पोपट चोच आणि पंजे वापरून फळीआडून चढत जातो. पुढच्या ऑक्टोबरच्या पानावर लिहिलं आहे: रोझेला २. त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आहेत, एक निळी आणि एक आजोबांच्या थरथरत्या हातची.

आता तुमची वही

मित्रांनो, यासाठी परदेशीच जायला हवं असं थोडंच आहे? बाबांची बदली झाली, तुम्ही साताऱ्याहून नागपूरला आलात, वसतिगृहात राहायला गेलात, किंवा जुन्या वाड्यातून सातव्या मजल्यावर आलात, तरी हेच. सालिम अलीसुद्धा कॉलेजच्या वयात घरच्या व्यवसायात मदत करायला ब्रह्मदेशात गेले होते. तिथे धंद्यापेक्षा त्यांचं लक्ष रानातल्या पक्ष्यांकडेच जास्त!

करून पाहा. एक वही, एक पेन्सिल. रोज एकाच वेळी, एकाच जागी, वीस मिनिटं. आधी आकार, मग चोच, मग शेपटी, मग तो करतो काय. रंग शेवटी, कारण रंग फसवतो. नाव नाही कळलं तरी चालेल, तुमचं स्वतःचं नाव ठेवा. मग आजी-आजोबांना, माळीकाकांना विचारा, ते काय म्हणतात. घरट्याजवळ जाऊ नका, अंड्यांना हात लावू नका. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा. वही सुरू करायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

आणि घरात किंवा शेजारी पिंजऱ्यात हिरवे-पिवळे 'लव्हबर्ड्स' असतील, तर त्यांच्याकडे जरा निरखून पाहा. आपण ज्यांना लव्हबर्ड्स म्हणतो, ते बहुतेक वेळा असतात बजरीगार. ते मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचे. तिथे त्यांचे हिरवे थवेच्या थवे आकाशात वळणं घेतात. तेही घरापासून लांबच आहेत, नाही का?

आमच्या लेकीची आता चौथी वही चालू आहे. "इथं आपलं काहीच नाही" हे वाक्य तिनं शेवटचं कधी म्हटलं, ते मला आठवत नाही. गेल्या वर्षी शाळेत एक नवा मुलगा आला, लांबच्या कुठल्याशा देशातून. डबा खायच्या सुट्टीत एकटाच बसायचा. हिनं त्याच्या शेजारी बसून वही उघडली आणि मॅगपायकडे बोट दाखवून विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यांना माहीत असलेला पक्षी कोणता? हा त्याच्यापेक्षा मोठा की लहान?"